संथ बांधणी (सुपरपॉवर थरारपट)

अतिमानवी शक्तीवरच्या थरारपटात ती शक्ती एकदम न दाखवता आधी संशय, मग खूण, मग खात्री अशा क्रमाने उलगडत नेण्याच्या रचनेला संथ बांधणी म्हणतात. संथ म्हणजे लांबट नव्हे. दर प्रसंगागणिक प्रेक्षकाच्या माहितीत काही ना काही भर पडायला हवी. ती पडली नाही, की थेटरात मोबाइल उजळू लागतात.

लेखनाआधी शक्तीचे नियम कागदावर उतरवतात: ती कशाने जागी होते, किती अंतरावर चालते, वापरल्यावर शरीराला काय भोगावे लागते. नियम न ठरवता लिहिलेल्या पटकथेत नायकाला शेवटी ऐनवेळी नवीच शक्ती सापडते आणि आधीचा सगळा ताण वाया जातो.

पहिली खूण नाकारता येण्याजोगी असावी. ‘कॅरी’मध्ये (१९७६) सुरुवातीला दिवा फुटतो, मग मुख्याध्यापकांच्या टेबलावरचे अॅशट्रे पडते, दोन्ही गोष्टी योगायोग म्हणून खपून जातात. गोव्यात पटकथा रचणाऱ्याला यासाठी पावसाळा आयताच मिळतो. जूनमध्ये वीज गेल्याचे कोणालाच नवल नसते. नायिकेच्या रागासरशी दिवा गेला तर घरातली माणसे मेणबत्ती शोधतील, इतकेच. तिसऱ्या वेळी शेजारच्या घरातला दिवा चालू दिसला, की प्रेक्षक सावरून बसतो.

त्यानंतर मोजमाप येते. ‘अनब्रेकेबल’मध्ये (२०००) तळघरात व्यायाम करणाऱ्या बापाच्या बारवर मुलगा वजने वाढवत जातो, वजने संपतात तेव्हा रंगाचे डबे लावले जातात. आकाशात झेप नाही, काही कोसळत नाही, तरी प्रसंग श्वास रोखायला लावतो, कारण प्रेक्षक प्रत्येक वाढ स्वतः मोजत असतो. या टप्प्यावर एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: वजन, अंतर किंवा साक्षीदारांची संख्या. तिन्ही एकदम वाढवल्या, तर पुढे चढायला पायरीच उरत नाही.

समजा, किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे मासेमारीचे जाळे, ओढली जात आहे. दोराला माणसांची रांग लागली आहे आणि नायक रांगेच्या मध्यावर आहे. कॅमेऱ्याने त्याचे दंड दाखवायची गरज नाही. त्याच्या पुढचा दोर ताणलेला आणि मागचा सैल, वाळूला टेकलेला, एवढे दाखवले की पुरे. मागचा म्हातारा हातातल्या सैल दोराकडे पाहतो आणि काही न बोलता ओढण्याचा आव आणत राहतो. इथे पार्श्वसंगीत वाजवणे हा हमखास होणारा घोटाळा. नजरेला जे सापडायचे ते कान आधीच सांगून टाकतात.

भारतीय चित्रपटाला मध्यांतराचाही हिशेब ठेवावा लागतो. साधारण १२० मिनिटांच्या चित्रपटात शक्तीचे पहिले निर्विवाद दर्शन ४०व्या ते ५०व्या मिनिटाच्या आसपास आणि ती वापरल्याची किंमत मध्यांतराला, ही मांडणी सहसा जमते. दर्शनच मध्यांतराला ठेवले, तर उत्तरार्ध पुन्हा शून्यापासून सुरू होतो. २००४पासून पणजीत भरणाऱ्या इफ्फीसारख्या (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) महोत्सवी प्रदर्शनात मध्यांतर नसते, त्यामुळे तिथे बसलेला ताण नेहमीच्या खेळात टिकेलच असे नाही. संकलनाच्या टेबलावर दोन्ही तऱ्हांनी पाहून घेतलेले बरे.

पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या दशावतारी काल्यात, म्हणजे जत्रेत होणाऱ्या लोकनाट्यात, मुख्य आख्यानाआधी गणपती, सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर असा पूर्वरंग रंगतो, म्हणून इथल्या प्रेक्षकाला संथपणाची सवय आहे, असे म्हणतात. हे अर्धेच खरे. काल्याला आलेला माणूस मध्येच उठून जत्रेत फेरी मारून येतो. थेटरातल्या प्रेक्षकाला ती सोय नाही.

खलनायकाचीही बांधणी तितकीच सावकाश लागते, आणि बहुतेक पटकथा इथेच उणी पडतात. ‘मिन्नल मुरली’त (२०२१) एकाच रात्री दोघांवर वीज कोसळते. शिंपी असलेला नायक आणि चहाच्या दुकानात राबणारा शिबू दोघेही आपापली शक्ती चाचपडत शोधतात. शिबूचे एकटेपण आधी पाहिलेले असल्यामुळे त्याचा संताप उपरा वाटत नाही.

उरला ट्रेलर. त्यात शेवटची मारामारी दाखवली, तर पहिली ४० मिनिटे म्हणजे नुसती वाट पाहणे. ट्रेलर शक्यतो पहिल्या तृतीयांशातून कापावा आणि शक्तीऐवजी ती पाहणाऱ्याचा चेहरा दाखवावा.