पार्श्वभूमी : बशीवर उगवला नाही म्हणजे मेला?

जिवाणू एकाचे दोन होतात, हे नव्याने सांगायला नको. पोटभर पोषण मिळाले तर आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची पिढी साधारण २० मिनिटांत उरकते. वाद आहे तो हे दुभंगणे मोजण्याच्या पद्धतीचा.

मोजायचे तर जिवाणू आधी कशावर तरी वाढवावे लागतात. त्यासाठी वापरलेल्या बटाट्याच्या फोडी आणि जिलेटिन लवकरच मागे पडले. जिलेटिन ३७ अंश सेल्सिअसला वितळते, शिवाय काही जिवाणू ते पचवून टाकतात. १८८२ मध्ये जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या एका सहायकाच्या पत्नीने सुचवलेले अगर (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) आले, १८८७ मध्ये झाकणाची उथळ बशी. नमुना पातळ करा, पसरा, उबेत ठेवून वाढू द्या (इन्क्युबेट करा), कॉलन्या म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके मोजा. पुढे सगळा हिशेब याच आकड्यावर चालला आणि कॉलनी न देणारी पेशी मेलेली धरली जाऊ लागली. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जितके जिवाणू दिसत, त्यांच्या एक टक्काही अनेकदा बशीवर येत नसत, तरीही.

१९८२ मध्ये या समजाला धक्का बसला. खाऱ्या पाण्यात ठेवलेल्या कॉलऱ्याच्या आणि ई. कोलायच्या जिवाणूंच्या कॉलन्या येईनाशा झाल्या. पण त्याच पाण्यात थोडे यीस्ट एक्स्ट्रॅक्ट (यीस्टपासून केलेले जिवाणूंचे खाद्य) आणि विभाजन रोखणारे प्रतिजैविक घातले, तर पेशी न दुभंगता लांबत गेल्या. मेलेली पेशी खात नाही. 'जिवंत, पण न वाढणारे' हे नाव तिथून रुळले.

टीकाकारांना ते मान्य नव्हते. अनुकूल स्थिती मिळताच अशा पेशी पुन्हा वाढू लागतात, असा दावा होता. त्यावर त्यांचा सवाल : पेशी 'जाग्या झाल्या' असे म्हणता, पण मुळात एखादीच धडधाकट पेशी तगून राहिली असेल तर? २० मिनिटांच्या पिढीने १० तासांत ३० पिढ्या, म्हणजे त्या एकीच्या १०० कोटींच्या वर पेशी. मुद्दा बिनतोड आहे, मात्र तो पुनरुज्जीवनाच्या दाव्यापुरताच. कुष्ठरोगाचा जिवाणू १८७३ पासून माहीत आहे. कृत्रिम माध्यमावर तो आजही वाढत नाही, उंदराच्या पंजात किंवा आर्माडिलोच्या शरीरात वाढवावा लागतो. त्याला कोणी मेलेला म्हटले नाही.

२०१४ मध्ये तर दोष माध्यमाकडेच निघाला. माध्यमातले फॉस्फेट आणि अगर एकत्र ऑटोक्लेव्ह केले (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केले) की जिवाणूंना मारक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि कॉलन्या घटतात. दोन्ही वेगवेगळे निर्जंतुक करून मग मिसळले, तर त्याच नमुन्यातून जास्त उगवतात. म्हणजे वर्षानुवर्षे 'मेलेले' म्हणून वगळलेल्यांपैकी काहींची वाढ आपल्याच बशीने रोखली होती. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत अजूनही कॉलन्या मोजतात.