दात व मुख यांच्या विकासातील विकृती

दात, जबडे, ओठ, टाळू व जीभ यांच्या घडणीत जन्मापूर्वी किंवा दात तयार होण्याच्या बालवयात राहिलेले दोष. कीड, इजा वा झीज यांमुळे नंतर उद्भवणारे बिघाड त्यांत धरत नाहीत.

भ्रूणाच्या साधारण सहाव्या आठवड्यात मुखाच्या अस्तरापासून दंतपट्ट तयार होतो व त्यातून दंतांकुर फुटतात. अंकुर धरतानाच व्यत्यय आला तर दातांची संख्या बदलते. पुढे आला तर आकार, आणि दंतवल्क (एनॅमल) व दंतिन (त्याखालचा कठीण थर) साचताना आला तर रचना बिघडते. दंतवल्क घडविणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. त्यामुळे त्यातील उणीव शरीराला पुढे भरून काढता येत नाही.

मुळातच तयार न होणाऱ्या दातांत अक्कलदाढांचा क्रम पहिला. त्यांखालोखाल खालच्या जबड्यातील दुसरी उपदाढ व वरचा बाजूचा पटाशीचा दात गैरहजर असतो. एमएसएक्स-१ व पॅक्स-९ या जनुकांतील उत्परिवर्तने काही कुटुंबांत याला कारण ठरली आहेत. चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्यातील चार पिढ्यांतील दहा पुरुषांना थोडेच दात व विरळ केस होते. मुली निरोगी राहत, पण त्यांच्या मुलग्यांत हा दोष उतरे. आज हा एक्स गुणसूत्राशी निगडित बाह्यस्तराचा (भ्रूणाच्या ज्या थरापासून त्वचा, केस व दंतवल्क घडतात त्याचा) विकार मानला जातो.

जादा दातांच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. आद्य अपरास्तनी (गर्भाला वारेतून पोसणाऱ्या) सस्तन प्राण्यांना ४४ दात होते, माणसाला ३२ असतात. म्हणून जादा दात म्हणजे लुप्त पूर्वजगुणाचे पुनरागमन, असे जुने मत होते. परंतु सर्वांत जास्त आढळणारा जादा दात वरच्या दोन मधल्या पटाशीच्या दातांमध्ये, ऐन मध्यरेषेवर येतो व बहुधा शंकूसारखा असतो. पूर्वजांना त्या जागी दातच नव्हता, ही या मताची मोठी अडचण होय. एकच अंकुर दुभंगून दोन दात होतात, हे दुसरे मत काही जोडदातांना लागू पडते. दंतपट्ट विरून न जाता सक्रिय राहतो, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण आरयूएनएक्स-२ जनुकाच्या दोषात गळपट्टीच्या हाडांच्या अपूर्ण वाढीबरोबरच अनेक जादा दात जबड्यात अडकून राहिलेले दिसतात.

रचनेचे दोष आनुवंशिक असतात किंवा बाह्य कारणांनी येतात. फ्लोराइडच्या अतिरेकाने पांढुरके पट्टे, तपकिरी डाग वा खड्डे पडतात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घडत्या दातात कॅल्शियमशी बांधले जाऊन रंग बदलते. जन्मजात उपदंशातील खाच असलेले पटाशीचे दात ब्रिटिश शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ओळखले जातात. बालपणीच्या आजाराने दंतवल्कावर उमटलेल्या आडव्या रेघेच्या उंचीवरून त्या आजाराच्या वेळचे वय अंदाजे सांगता येते.

खंडौष्ठ (दुभंगलेला ओठ) व खंडतालू (दुभंगलेला टाळू) मिळून सुमारे ७०० जन्मांत एक आढळतात. ओठाचे उंचवटे चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतात, टाळूचे पडदे मात्र बाराव्या आठवड्यापर्यंत. म्हणून ओठ अखंड असूनही टाळू दुभंगलेला असू शकतो. आनुवंशिकतेखेरीज आईचे धूम्रपान व अपस्मारावरील काही औषधे यांचाही संबंध दिसतो.

जिभेखालचा पडदा आखूड असल्यास तो केव्हा कापावा यावर एकमत नाही. स्तनपानात अडथळा येत असेल तर विचार होतो. पिएर रॉबिन विकारात खालचा जबडा लहान राहतो, जीभ मागे सरकते व बहुधा तिच्यामुळेच टाळूचे पडदे जुळत नाहीत. अशा अर्भकाचा श्वास अडू शकतो, म्हणून त्याला देखरेखीखाली पालथे ठेवतात.