इराकमधील शिधावाटप व दारिद्र्य

इराकमधील शिधावाटप व दारिद्र्य : इराकी कुटुंबांना दरमहा नाममात्र दराने धान्य व खाद्यतेल पुरविणारी सरकारी व्यवस्था आणि तिच्याशी निगडित दारिद्र्यनिवारण धोरण. देशात सु. १४५ अब्ज पिंपे खनिज तेलाचा साठा असून सरकारी महसुलाचा बहुतांश भाग तेलविक्रीतून येतो. तरीही २००७ च्या घरगुती पाहणीत सु. २२ टक्के लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली आढळली.

व्यवस्थेच्या उगमाबाबत मतभेद आहेत. इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६ ऑगस्ट १९९० रोजी ठराव ६६१ अन्वये व्यापारबंदी लादली. तेव्हा इराकचे बहुतेक अन्नधान्य आयात होत असे. शिधावाटप सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झाले, असे बहुतेक संदर्भांत आढळते. काही ठिकाणी १९९१ हे वर्ष दिले आहे. काहींच्या मते ही निव्वळ निर्बंधकाळाची निर्मिती होय. इतर तिचे मूळ त्याआधीच्या सरकारी धान्य आयातीत व अनुदानांत शोधतात. वाटपाची सर्व यंत्रणा काही आठवड्यांतच उभी राहिली, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

तेलविक्रीतून अन्न घेण्याची मुभा देणारे १९९१ चे ठराव (७०६ व ७१२) बगदादने नाकारले. सप्टेंबर १९९४ मध्ये शिधा सु. एक तृतीयांशाने घटला. ठराव ९८६ (एप्रिल १९९५) अन्वये ‘अन्नासाठी तेल’ योजना आली, परंतु त्याखालील पहिले धान्य मार्च १९९७ मध्येच पोहोचले. तेलाच्या उत्पन्नातील ३० टक्के रक्कम (डिसेंबर २००० पासून २५ टक्के) कुवेतप्रकरणीच्या नुकसानभरपाई निधीत जाई. मध्य व दक्षिण भागांत वाटप सरकार करी. उत्तरेच्या तीन कुर्द प्रांतांत ते काम संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांकडे होते. योजनेचे समन्वयक डेनिस हॅलिडे (१९९८) व हान्स फोन श्पोनेक (२०००) यांनी निर्बंधांच्या निषेधार्थ पद सोडले. योजनेतील गैरव्यवहारांची चौकशी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या व्होल्कर समितीच्या अहवालात (२००५) नाव आल्याने भारताचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री नटवर सिंह यांना मंत्रिपद गमवावे लागले. आरोप त्यांनी नाकारले होते.

निर्बंधांमुळे किती बालके दगावली, हा सर्वांत वादग्रस्त प्रश्न. युनिसेफच्या १९९९ च्या पाहणीनुसार मध्य-दक्षिण भागात पाच वर्षांखालील बालमृत्यू हजारी ५६ वरून (१९८४–८९) १३१ वर (१९९४–९९) गेले, तर उत्तरेत ते ८० वरून ७२ वर आले. पाच लाख बालमृत्यूंचा आकडा यातून रूढ झाला. मध्य-दक्षिणेतील पाहणीत इराकी आरोग्य मंत्रालयाचा सहभाग होता. २००३ नंतरच्या पाहण्यांत अशी वाढ दिसत नाही. टिम डायसन व व्हॅलेरिया चेतोरेली या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मूळ आकड्यांत सरकारी फेरफार झाल्याचे प्रतिपादन केले. आता हेच मत ग्राह्य धरणे इष्ट. कुपोषण मात्र खरे होते. त्याविषयी वाद नाही.

पूर्ण शिधा माणशी दरमहा ९ किग्रॅ. पीठ, ३ किग्रॅ. तांदूळ, २ किग्रॅ. साखर व सु. १ लि. खाद्यतेल असा होता; डाळी, दूध पावडर, चहा, साबण इ. जिन्नस कालांतराने कमी होत गेले. शिधापत्रिका कुटुंबाच्या नावे असून नोंदणीकृत दुकानदारामार्फत माल मिळतो. जबाबदारी व्यापार मंत्रालयाकडे असते. गरीब-श्रीमंत भेद सुरुवातीला नव्हता. पुढे जास्त पगाराच्या सरकारी नोकरांना वगळण्यात आले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये शिध्याऐवजी माणशी १५,००० दिनार रोख देण्याचे मंत्रिमंडळाने ठरविले. बाजारभाव भडकतील या भीतीने विरोध उसळला आणि निर्णय काही दिवसांतच मागे घेतला गेला. जागतिक बँकेसारख्या संस्थांचा कल रोख मदतीकडे असला, तरी खुल्या बाजारावर विसंबण्यास लोक तयार नव्हते, असा याचा अर्थ लावता येतो.

जून २०१४ मध्ये दाएशने (‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेने) उत्तरेतील मोसुल शहर घेतल्यावर विस्थापितांची अडचण झाली, कारण शिधापत्रिका मूळ गावच्या दुकानदाराशी बांधलेली असते. अनेकांची कागदपत्रेही हरवली होती. दारिद्र्याचे प्रमाण २०१२ मधील सु. १९ टक्क्यांवरून २०१४ मध्ये पुन्हा २२ टक्क्यांच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. २०१८ च्या पाहणीत ते सु. २० टक्के होते. सर्वाधिक प्रमाण दक्षिणेतील मुसन्ना प्रांतात, जिथे निम्म्याहून अधिक लोक गरीब होते. गरजूंना रोख भत्ता देणारा सामाजिक संरक्षण कायदा (क्र. ११) २०१४ मध्ये झाला. जून २०२२ मध्ये संसदेने अन्नसुरक्षेसाठी आणीबाणीचा कायदा करून २५ हजार अब्ज दिनारांची तरतूद केली. तिच्यातील काही भाग धान्य खरेदीसाठी, काही वीज व वायू यांच्या थकबाकीसाठी होता.