अँडरसनव्हिल : पहिल्या कबरीमागचा इतिहास

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या फुटीर राज्यांनी पकडलेल्या उत्तरेच्या सैनिकांसाठी जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला कैद्यांची छावणी उभारली होती. तिथल्या दफनभूमीत पहिल्या क्रमांकाची कबर ॲडम स्वार्नरची आहे. न्यूयॉर्कच्या घोडदळातला हा शिपाई 27 फेब्रुवारी 1864 रोजी कैदेत मरण पावला. छावणी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. पुढे त्याचा भाऊ जेकबही त्याच कुंपणात मेला. चौदा महिन्यांत इथे उत्तरेचे सुमारे 45,000 सैनिक डांबले गेले. त्यांतले जवळपास 13,000 तिथेच मेले.

एवढी माणसं एका जागी साचली, कारण कैद्यांची अदलाबदल थांबली होती. यादवी युद्धात जुलै 1862 मध्ये दोन्ही बाजूंनी करार केला होता: शिपायाच्या बदल्यात शिपाई, एका सेनापतीच्या बदल्यात 60 शिपाई. वर्षभर तो बरा चालला. मग उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय भरती झाले आणि दक्षिणेने त्यांना युद्धकैदी मानायला नकार दिला. पकडले तर पळालेले गुलाम समजून वागवू, अशी भूमिका घेतली. त्यांनाही युद्धकैदी मानाच, यावर उत्तरेचं लिंकन सरकार अडून बसलं, ते योग्यच होतं असं मला वाटतं. पण त्याची किंमत कुंपणाआडच्या पोरांनी मोजली. शिवाय सोडलेला दक्षिणी सैनिक पुन्हा बंदूक घेऊन उभा राहतो, हा उत्तरेचा सरसेनापती ग्रँटचा लष्करी हिशेबही होताच.

छावणी 10,000 माणसांसाठी आखलेली. ऑगस्ट 1864 मध्ये आत 32,000 हून जास्त होते. डोक्यावर छप्पर नाही. काठ्यांवर घोंगडी टाकून केलेला आडोसा, तोही मिळाला तर. मधून एक ओढा वाहायचा. पहारेकऱ्यांचा तळ आणि मुदपाकखाना वरच्या अंगाला, त्यामुळे त्यांची घाण घेऊनच पाणी आत यायचं. तेच प्यायचं, त्याच्याच काठी शौचाला बसायचं. खायला मक्याचं न चाळलेलं भरड पीठ. हगवण आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) माणसं पटापट गेली. उत्तरेच्या एल्मायरा छावणीतही जवळपास 3,000 दक्षिणी कैदी मेले, हेही विसरता येत नाही.

छावणीप्रमुख हेन्री विर्झला 10 नोव्हेंबर 1865 रोजी फाशी झाली. पण मृतांसाठी सर्वांत मोलाचं काम केलं ते डोरेन्स ॲटवॉटर या 19 वर्षांच्या कैद्याने. मृत्यूंची नोंदवही लिहायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने गुपचूप दुसरी प्रत उतरवून कोटाच्या अस्तरात दडवून बाहेर काढली. तिच्याच आधारे 1865 च्या उन्हाळ्यात युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टनचा सहभाग असलेल्या मोहिमेला बहुतेक कबरींवर नावं लावता आली. सुमारे 460 निनावी राहिल्या. त्यानंतर हीच यादी परत द्यायला नकार दिला म्हणून सैन्याने ॲटवॉटरलाच चोर ठरवून तुरुंगात टाकलं. सुटल्यावर 1866 मध्ये त्याने ती न्यूयॉर्क ट्रिब्यूनकडून छापून घेतली, तेव्हा कुठे हजारो घरांना आपला मुलगा कधी आणि कशाने गेला ते कळलं.