ख्रिस्ती आत्मिक संघर्षात नियमशास्त्राचे स्थान

देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या मनात पापाशी जी झुंज चालते, तिच्यात देवाच्या आज्ञांचे नेमके काम काय, हा ख्रिस्ती धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. येथे नियमशास्त्र म्हणजे मुख्यतः सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा आणि येशूने डोंगरावरील प्रवचनात त्यांचा केलेला उलगडा. यज्ञ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध यांविषयीचे नियम ख्रिस्ती माणसाला बंधनकारक नाहीत, यावर बहुतेक पंथांचे एकमत आहे. वाद आहे तो उरलेल्या नैतिक आज्ञांबद्दल.

चर्चेचा गाभा येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. उदाहरणासाठी पौल खून किंवा चोरी घेत नाही. तो दहा आज्ञांतली शेवटची उचलतो : लोभ धरू नको. ही निवड महत्त्वाची आहे. बाकीच्या आज्ञा हातापायांना आवरून पाळल्याचे समाधान तरी मिळवता येते. लोभ मात्र आत असतो, शेजाऱ्याला दिसत नाही, कोर्टात सिद्ध होत नाही. पौल म्हणतो, ही आज्ञा आली आणि निपचित पडलेले पाप जागे झाले. मनाई ऐकताच हाव वाढली. तरीही दोष तो आज्ञेला देत नाही. नियमशास्त्र पवित्र आहे, चांगले आहे, असे तो ठामपणे सांगतो. जे चांगले करायचे ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ही ओढाताण सांगता सांगता तो ‘मला कोण सोडवील?’ असा टाहो फोडतो. आठव्या अध्यायाच्या आरंभी याचे उत्तर आहे : देहस्वभावामुळे दुबळ्या ठरलेल्या नियमशास्त्राला जे जमले नाही, ते देवाने आपला पुत्र पाठवून केले. सातवा अध्याय आठव्यापासून तोडून वाचला की त्यात फक्त हताशा उरते, आणि पुष्कळ प्रामाणिक माणसांनी तो तसा वाचून स्वतःला विनाकारण छळले आहे.

या अध्यायातला ‘मी’ कोण? चौथ्या-पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन याला आधी वाटे की हा देवाची कृपा मिळण्यापूर्वीचा माणूस. पुढे, माणूस स्वतःच्या इच्छाबळावर पाप टाळू शकतो असे मानणाऱ्या पेलेजियसच्या अनुयायांशी वाद घालताना त्याचे मत बदलले : हा खुद्द विश्वासणारा, स्वतः प्रेषितसुद्धा. सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारणा चळवळीने हेच मत उचलले. 1590च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये डच पाळक याकोबस आर्मिनियसने उलट, म्हणजे हा अजून नवा न झालेला माणूस, असा अर्थ लावला, तेव्हा त्याच्यावर सहकाऱ्यांचा रोष ओढवला. विसाव्या शतकात स्वीडिश बायबल-अभ्यासक क्रिस्टर स्टेंडालने आक्षेप घेतला की पौलाला असे टोचणारे मन नव्हतेच. फिलिप्पैकरांच्या पत्रात तो नियमशास्त्राच्या बाबतीत स्वतःला निर्दोष म्हणवतो. आक्षेप वजनदार आहे, पण लोभाच्या आज्ञेपाशी तो अडतो, कारण बाहेरून निर्दोष असणे आणि आतून हावरे असणे एकाच माणसात सहज नांदते.

सुधारणा चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने हा संघर्ष स्वतः भोगला. 1505 मध्ये एर्फुर्टच्या मठात गेल्यावर तो तासन्‌तास पापांची कबुली देई आणि तरी काहीतरी राहून गेले या धास्तीने परत येई. त्याचा वडीलधारा मार्गदर्शक योहान फॉन श्टाउपित्स त्याची नजर ख्रिस्ताच्या जखमांकडे वळवीत असे. पुढे ल्यूथरने शिकवले की आज्ञा काय करावे ते दाखवतात, करायचे बळ देत नाहीत. बळ सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्तामुळे मिळणाऱ्या क्षमेच्या, वचनातून येते. याचा अर्थ आज्ञांची गरज संपली, असा त्याचा सहकारी योहान अग्रिकोला याने घेतला, तेव्हा 1537 पासून ल्यूथर त्याच्यावर तुटून पडला. ज्याला आजार कळला नाही तो वैद्याकडे जाणार कशाला, हा त्याचा रोख होता.

दुसरा मोठा सुधारक जॉन कॅल्व्हिन याचा भर वेगळा. पाप उघडे पाडणे आणि समाजातल्या दुष्टाव्याला आळा घालणे ही दोन कामे त्याला मान्य होती. पण विश्वासणाऱ्याला देवाची इच्छा शिकवून पुढे रेटणे हे तिसरे काम तो मुख्य मानतो. कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीची (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेची) रचनाच हे सांगते : आपली दुर्दशा नियमशास्त्रामुळे कळते असे आरंभी येते, पण दहा आज्ञांचे सविस्तर विवेचन शेवटच्या, कृतज्ञतेच्या भागात आहे. कॅथलिक शिकवणीत ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये ठरवले की बाप्तिस्म्यानंतर उरणारी वासना झुंजीसाठी असते, ती स्वतः पाप नव्हे. प्रॉटेस्टंट तिला पापच म्हणतात. रोजच्या लढ्यात हा फरक मोठा पडतो, कारण नुसता मोह झाला म्हणून क्षमा मागायची की नाही, ते त्यावर ठरते.

इंग्लिश लेखक जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या 1678च्या रूपककथेत हे सगळे एका खोलीत मावते. कधीच न झाडलेल्या दिवाणखान्यात एक माणूस केरसुणी फिरवू लागतो आणि धुळीने यात्रेकरूचा जीव गुदमरतो. मग एक मुलगी पाणी शिंपडते आणि खोली सहज स्वच्छ होते. झाडणारा नियमशास्त्र, शिंपडणारी सुवार्ता. हरी केशवजींनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ नावाने ही कथा मराठीत आणली, त्यामुळे इथल्या ख्रिस्ती वाचकाला हे चित्र जुन्या काळापासून परिचयाचे आहे.

उपासनेतला सर्वांत बोलका नमुना 1552च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात सापडतो. प्रभुभोजनाच्या विधीत पाळक एकेक आज्ञा वाचतो आणि प्रत्येक आज्ञेनंतर मंडळी गुडघे टेकून दोन गोष्टी मागते : आधी मोडलेल्या आज्ञेबद्दल दया, आणि लगेच हीच आज्ञा पाळण्याकडे मन वळावे म्हणून साहाय्य.