कुलपात, तरी हाताशी: घरातल्या रायफलीच्या नियमांची पार्श्वभूमी

घरातली रायफल कुलपात असावी की हाताशी, या अमेरिकेतल्या वादाला आजचे रूप आले ते राजधानी वॉशिंग्टनच्या १९७६ च्या कायद्यापासून. त्याआधी भिंतीवरची खुंटी नाहीतर काचेच्या दाराचे लाकडी कपाट. कुलूप असलेच तर ते चोरासाठी.

१९७६ च्या कायद्यानुसार घरातले शस्त्र रिकामे हवे, शिवाय एकतर भाग सुटे केलेले किंवा ट्रिगर लॉक, म्हणजे चाप झाकणारे कुलूप, लावलेले. नव्या पिस्तुलांची नोंदणी याच कायद्याने थांबली होती, म्हणजे ती बंदीच होती, त्यामुळे ही अट मुख्यतः रायफल आणि शॉटगनवाल्यांच्याच वाट्याला आली. जून २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दोन्ही तरतुदी रद्द केल्या. निकाल लोकांच्या लक्षात राहिला तो पिस्तूलबंदीचा, पण मेख कुलपाच्या कलमात होती. रात्री कोणी घरात शिरले तर लॉक काढायची मुभा आहे का? शहराचे म्हणणे, ती गृहीतच आहे, आणि लॉक तीन सेकंदांत निघते. त्यावर सुनावणीत दिवा लावून चष्मा शोधण्याची गोष्ट निघाली आणि हशा पिकला. बहुमताने मात्र कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवले: व्यवसायाच्या जागेला आणि करमणुकीच्या कायदेशीर वापराला सूट लिहून दिली आहे, स्वसंरक्षणाला नाही. अल्पमताला हा अर्थ पटला नाही. अपघात टाळण्यासाठी साठवणुकीवर घातलेल्या नियमांना या विवेचनाने बाध येत नाही, असेही निकालात आहे. हे वाक्य दोन्ही बाजू सोयीने विसरतात.

'लॉक' या शब्दानेही घोळ घातला आहे. ट्रिगर लॉक भरलेल्या शस्त्रावर लावायचेच नसते. लावता-काढताना चाप दाबला जाऊन बार उडू शकतो. केबल लॉक म्हणजे तारेचे कुलूप: त्यासाठी मॅगझिन (काडतुसांची डबी) काढून, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे अडकवून, केबल काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या जागेतून खाली काढतात. मुलांपासून संरक्षण पक्के, पण मध्यरात्री निरुपयोगी. शिवाय परवानाधारक विक्रेत्याने सोबत कुलूप द्यावे, ही २००५ च्या संघीय कायद्यातली सक्ती पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरती. रायफल पुन्हा बाहेरच राहिली.

म्हणून जाणकारांनी कुलूप शस्त्रावरून काढून पेटीवर नेले. आत एआर धाटणीची, म्हणजे एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित, रायफल असेल तर चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामे, बोल्ट बंद, सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावलेली आणि भरलेले मॅगझिन जागेवर. चेंबर रिकामे ठेवण्याचे कारण म्हणजे या रायफलीची फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) मोकळी असते: बोल्ट पुढे आदळला की काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे तळाच्या ठिणगीच्या टोपीवर, बारीक खूण उमटते, आणि तेच काडतूस वारंवार चढवले तर गोळी काडतुसाच्या नळकांड्यात आत सरकते. सेफ्टी लागत नसेल तर आतला घोडा (हॅमर) पडलेला आहे असे समजावे. तीस काडतुसांच्या मॅगझिनमध्ये अठ्ठावीसच भरतात. पूर्ण भरले तर बंद बोल्टखाली ते नीट बसत नाही आणि ऐन वेळी गळून पडते. बसवल्यावर खाली ओढून पाहायचे. फोमचे अस्तर असलेल्या खोक्यात मात्र रायफल ठेवू नये, दमट हवेत गंज धरतो.

पेटीचे कुलूप बोटाच्या ठशावर उघडणारे असावे की बटणांचे यांत्रिक, हा वाद ताजा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठशावर चालणाऱ्या सुमारे ६१,००० पेट्या परत मागवल्या गेल्या. ठसा नीट नोंदला नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. तेव्हापासून नवी पेटी आणली की ती रिकामी असतानाच घरातल्या दुसऱ्या कोणाचे तरी बोट लावून पाहतात.