वसंतात दक्षिण फ्रान्स: ल्यूबेरोंच्या गावांतील मुक्कामासाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या सुरुवातीपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांतात, ल्यूबेरों डोंगररांगेच्या परिसरात, आम्ही छोट्या गटांसाठी सहली आखतो. नोंदणी करण्यापूर्वी हे पत्रक सवडीने वाचावे, ही विनंती. या दिवसांत तेथे काय दिसते आणि काय दिसत नाही हे आधीच ठाऊक असले, तर विरस होत नाही.

प्रथम लॅव्हेंडरविषयी. चौकशीला येणाऱ्या अनेकांच्या मोबाइलमध्ये सेनांकच्या मठासमोरील जांभळ्या ओळींचे छायाचित्र असते. तो बहर जूनच्या अखेरीस येतो आणि जुलैत भरात असतो. एप्रिल-मेमध्ये त्याच ओळी करड्या-हिरव्या झुडपांच्या असतात. ज्यांना केवळ तो बहर पाहायचा आहे त्यांनी जुलैतच जावे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. वसंताचे वैभव निराळे आहे. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आप्त या गावाभोवतीच्या चेरीच्या बागा पांढऱ्या फुलांनी भरून जातात, त्यानंतर घरांच्या दगडी भिंतींवर विस्टेरिया या वेलीच्या फुलांचे घोस लोंबू लागतात आणि मे उजाडला की गव्हाच्या शेतांच्या बांधांवर पॉपीची लालभडक फुले डोलू लागतात. सेनांकचा मठही फुलांवाचून पाहण्यासारखा आहे. सिस्टर्शियन या साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या, ११४८ साली स्थापन झालेल्या या मठात नक्षीकामाला जवळजवळ थारा नाही. उघडा दगड आणि त्यावर सरकणारा उजेड, एवढ्यावरच ती वास्तू उभी आहे.

आमचा आग्रह असा की रोज हॉटेल बदलण्याऐवजी एकाच गावात, स्वयंपाकघर असलेल्या घरात पाच-सहा रात्री राहावे. गोर्द, बोन्यू, लूरमारां ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि त्यांचे आठवडी बाजार वेगवेगळ्या वारी भरतात. लूरमारांचा बाजार शुक्रवारी, आप्तचा शनिवारी आणि सोर्ग नदीच्या प्रवाहांनी वेढलेल्या लील-स्यूर-ला-सोर्गचा रविवारी असतो. बाजार दुपारी एकपर्यंत उठतो, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास पोहोचावे. या दिवसांत जुड्या बांधलेला शतावरीवर्गातील ॲस्परॅगस, कार्पांत्राची स्ट्रॉबेरी आणि शेळीच्या दुधाचे ताजे चीज यांची रेलचेल असते. विक्रेत्याला आधी ‘बोंजूर’ म्हणावे, मग भाव विचारावा. नमस्कार न करता थेट वस्तूला हात घालणे तेथे असभ्य मानतात, आणि फळ आपण चाचपून निवडण्यापेक्षा आज खायचे की उद्या एवढे सांगितले, तर विक्रेता स्वतः योग्य ते फळ काढून देतो.

रुसियों या गावासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. हे गाव ज्या टेकडीवर वसले आहे, तिची माती म्हणजे आपला गेरूच. तुळशीवृंदावनाला किंवा कुंड्यांना आपण जो लावतो, त्याच लोहयुक्त रंगाचे पिवळे, केशरी आणि तांबडे कडे येथे उभे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे त्याचा व्यवसाय सुरू झाला. खणलेली रंगीत वाळू पाण्याच्या प्रवाहात सोडत. जड रेती मागे राही, रंगाचा बारीक गाळ वाहत जाऊन हौदांत बसे आणि उन्हाळ्यात तो सुकत आला की त्याच्या विटा कापत. पिवळी माती भट्टीत भाजली की तिच्यात बांधलेले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. गावाबाहेरच्या जुन्या कारखान्यात ही पद्धत आजही समजावून सांगतात. कड्यांमधून जाणाऱ्या पायवाटेला अर्धा ते एक तास लागतो. पांढरे कपडे आणि कापडी बूट घालू नयेत, कारण हा रंग सहजासहजी निघत नाही. माती खिशात घालून आणण्यास मनाई आहे.

फोंतेन-द-वोक्ल्यूज येथे सोर्ग नदीचा उगम आहे. हिवाळी पाऊस आणि वितळलेला बर्फ यांमुळे वसंतात कुंड भरून पाणी खडकांवरून घोंघावत उतरते. उन्हाळा सरताना तेच पाणी खोल कपारीत निश्चल झालेले असते. ज्यांना सायकल चालवता येते त्यांनी आप्तपासून जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या सायकलवाटेने पों ज्युलियां या तीन कमानींच्या रोमन पुलापर्यंत अवश्य जावे. रस्ता बराचसा सपाट आहे. दोन हजार वर्षे जुन्या या पुलावरून २००५ पर्यंत मोटारी जात असत. आता त्यांच्यासाठी शेजारी वेगळा पूल आहे.

शाकाहारी ग्राहकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावाला लावून देतात त्या तापनाद नावाच्या ऑलिव्हच्या चटणीत बहुधा खारवलेले अँचोव्ही मासे वाटलेले असतात, आणि पारंपरिक चीज अनेकदा वासराच्या किंवा करडाच्या जठरातील रेनेट हे दूध घट्ट करणारे द्रव्य वापरून करतात. आमच्या पहिल्या गटातील एका आजींनी तापनाद आवडीने खाल्ल्यावर आम्हाला ही गोष्ट कळली. तेव्हापासून उपाहारगृहात आम्ही आधी विचारून घेतो. घरून नेण्याच्या खाऊत तूप, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ ठेवू नयेत, कारण युरोपीय संघात प्रवाशांना ते बाहेरून आणता येत नाहीत.

दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळेतच मिळते आणि त्या काळात गावातील बरीच दुकाने बंद असतात. १ मे रोजी जवळजवळ सर्व व्यवहार बंद राहतात, म्हणून आदल्या दिवशी सामान भरून ठेवावे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून वाहणारा मिस्त्राल हा उत्तरेचा वारा स्वच्छ उन्हातही अंग गारठवतो. वारा अडवणारे जाकीट आणि कानटोपी हवीच. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

मेच्या अखेरीस जाणाऱ्यांसाठी आम्ही समुद्रकाठच्या कामार्ग भागात एक दिवसाची जोडसहल ठेवतो. तेथे रोहित पक्षी, पांढरे घोडे आणि पाणी भरलेली भातखाचरे आहेत. सांत-मारी-द-ला-मेर या गावात २४ मे रोजी रोमा समाजाची यात्रा भरते. चर्चच्या तळघरातील काळी सारा या रोमा लोकांच्या संत स्त्रीच्या मूर्तीला भाविक, आपल्याकडे देवीला साडी नेसवतात तशी, वस्त्रांवर वस्त्रे पांघरतात आणि नंतर खांद्यावरून मिरवत समुद्रात नेतात. रोमा लोकांच्या मूळ रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात, भारतातून शेकडो वर्षांपूर्वी निघालेल्या या लोकांची यात्रा पाहताना आमच्या सोबतचे प्रवासी बराच वेळ तेथून हलत नाहीत. ज्यांना या दिवशी तेथे जायचे आहे त्यांनी नोंदणीच्या वेळीच तसे कळवावे, कारण गाव लहान आहे आणि त्या आठवड्यात खोल्या लवकर भरतात.